पाळतकाकांची ती एक ओळ

बाथरूमच्या दाराशेजारी एका सोमवारी सकाळी कागद लागला. चारी कोपरे चिकटपट्टीनं पक्के केलेला, बाजूला दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, आणि कागदासमोर स्टुलावर, मनगटावरचं घड्याळ सोडून हातात धरून बसलेले भाऊजी. वहिनी टॉवेल घेऊन आल्या आणि तिथंच थबकल्या.

"हे काय आरंभलंय?"

"रोज सकाळी या दारापाशी वादावादी होते, वहिनी. दादा म्हणतो तुम्ही वेळ लावता, तुम्ही म्हणता चिमणी वेळ लावते, चिमणी म्हणते तिचा बाबा. म्हटलं भांडायचं कशाला, आठ दिवस नोंद करू. कोण कधी आलं, बाहेर किती ताटकळलं, आत किती वेळ होतं."

"आणि मग?"

"मग काही नाही. दिसेल."

आठ दिवसांनी रात्रीच्या जेवणाआधी कागद टेबलावर आला, स्वच्छ अक्षरात उतरवलेला. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, सरासरी नऊ मिनिटं. वहिनी सात. त्यांची लेक चिमणी चौदा. चिमणीनं लगेच केसांची लांबी पुढं केली, दादांनी दाढीचं कारण काढलं. वहिनींनी मात्र कागद दोनदा वाचला. बाजारची यादी त्या अशीच दोनदा वाचतात आणि दुसऱ्या वेळी काहीतरी सापडतंच.

"भाऊजी, यात तुमचं नाव कुठंय?"

"माझं कसं असेल? मी नोंदणारा."

"मग रोज सहा पन्नासपासून सात पाचपर्यंत दार आतून कोणी लावलं होतं? भिंतीनं?"

चिमणी हसता हसता खुर्चीवरून घसरली. भाऊजी कानापर्यंत लाल झाले, पण मुद्दा सोडेनात. "नोंदणाऱ्याला धरत नाहीत, वहिनी. नाहीतर मी नोंद करायला उठलो याचीही नोंद करावी लागेल, मग त्या नोंदीची आणखी एक नोंद. त्याला अंतच नाही."

"अंत आहे की," वहिनी म्हणाल्या, "पंधरा मिनिटांनी दार उघडतं."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. घरात ती अधूनमधून हसण्यासाठी निघायची. तिचा पुढं असा उपयोग होईल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वय अठ्ठेचाळीस. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून नातेवाईक दमले आणि मागच्या खोलीत ते, त्यांचे दोन जुने कॉम्प्युटर आणि खिडकीतली एक कुंडी हा संसार सगळ्यांनी मान्य करून टाकला. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि जेवणाच्या टेबलावर रेडिओ उघडून बसले होते. "त्या स्क्रूवर ताटली ठेवू नका" हे त्यांचं नव्या वहिनीशी पहिलं वाक्य. वहिनींनी ताटली उचलली, स्क्रू एका वाटीत गोळा केले आणि वाटी त्यांच्यापुढं सरकवली. तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

मोजणं हा या माणसाचा श्वास. फ्रिज किती वेळ घरघरतो आणि किती वेळ गप्प बसतो, खालच्या मजल्यावरून लिफ्ट यायला किती वेळ लागतो, सगळं तोंडपाठ. मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या पायऱ्यांवरून पडून पाय मोडला आणि प्लॅस्टर घालून महिनाभर घरी पडून होते, तेव्हा तर त्यांनी कहर केला. वहिनी खोलीत चहा घेऊन गेल्या की म्हणायचे, "आज सव्वा मिनिट लवकर." वहिनींनी एक दिवस सांगून टाकलं, की यापुढं वेळ सांगितली तर चहा मिळेल पण बिस्किट मिळणार नाही. तेव्हा कुठं थांबले.

पण त्या मोजण्यात कोणाचं वाईट चिंतणं नव्हतं. हे वहिनींना फार लवकर कळलं होतं. कोणी कुणाला आळशी म्हटलं की भाऊजी अस्वस्थ व्हायचे. "हळू आहे म्हणजे आळशी नाही. कशाची तरी वाट बघत असेल. कशाची ते आधी बघू." बँकेत रांग अडली तरी हेच, चिमणीचा अभ्यास अडला तरी हेच.

त्यांची नोकरी डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, कॉम्प्युटर विभागात. वहिनी कॉलेजात शिकलेल्या, पण इतिहास घेऊन. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी सरळ विचारलं होतं, "तुम्ही दिवसभर नेमकं करता काय?"

अशी संधी भाऊजींना वर्षातून एखादे वेळी मिळे. ते खुर्ची ओढून बसले.

"हे घर म्हणजे कॉम्प्युटर समजा. दादा, चिमणी, मी, आम्ही त्यातले प्रोग्रॅम. आम्हाला स्वतःला काही सापडत नाही. मोजे हवे, वहिनी. किल्ली हवी, वहिनी. तुमच्याकडे मागितल्याशिवाय आमचं पान हलत नाही. तर तुम्ही ऑपरेटिंग सिस्टिम."

"म्हणजे सगळ्यांनी मागायचं आणि मी उठायचं."

"बरोबर."

"यात कॉम्प्युटरवाल्यांनी नवीन काय शोधलं?"

भाऊजी हसले. "आता समजा घर हळू चाललंय, पण का ते कळत नाही. मग मी पाच-सात ओळींची स्क्रिप्ट लिहितो. म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली चिठ्ठी. तुमच्या दारात उभा राहा. कोण आलं, काय मागितलं, मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वेळ गेला, एवढं लिही. मग नोंद वाचली की कळतं, दादाला मोजे मिळायला अकरा मिनिटं लागली, कारण ते चिमणीच्या दप्तरात होते. दादा आळशी नाही, तुम्हीही नाही."

"पहारेकरी दारात उभा राहिला तर माझ्या पायात नाही येणार?"

"बघा, हे तुम्हाला न सांगता कळलं. चांगला असेल तर येत नाही, कडेला उभा राहून नुसतं बघतो. पण काही जुन्या पद्धतीचे असतात. ते प्रत्येकाला दारात थांबवतात, सगळं नीट लिहून घेतात, मग आत सोडतात. त्यांची नोंद फार तपशीलवार, पण दारात रांग लागते. ते पंधरा मिनिटांपुरते बसवायचे आणि आठवणीनं उठवायचे."

या पहाऱ्यांमुळं हॉस्पिटलात त्यांचं नाव पाळतकाका पडलं होतं. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना काकाच म्हणत.

अशांपैकी एक म्हणजे टोकनताई. हॉस्पिटलच्या दर्शनी काउंटरवर पेशंटची नोंद करून टोकन देणाऱ्या. वय चोपन्न, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज असा की हॉलच्या टोकाला बसलेल्यालाही आपला नंबर आला हे कळावं. दादांना काचबिंदूचा त्रास, त्यामुळं दर दोन-तीन महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासायला जावं लागे आणि वहिनी सोबत असत. टोकनताई माणसं आवाजावरून ओळखायच्या. डोळ्यांत औषधाचे थेंब घातले की तासभर सगळं धूसर होतं, भिंत धरून चालावं लागतं. अशा वेळी नंबर नुसता फलकावर उमटून काय उपयोग? टोकनताई काउंटरवरून उठायच्या, "चौदा नंबर आजोबा, उजवीकडे दोन पायऱ्या आहेत हं," असं म्हणत माणसाला दारापर्यंत सोडून यायच्या. त्यांच्या काउंटरवर रांग नेहमीच थोडी लांब असायची, कारण लोक तिथंच येऊन उभे राहायचे.

तर त्या मंगळवारी दादांना घेऊन वहिनी रांगेत उभ्या होत्या. रांग हलत नव्हती. शेजारचे दोन्ही काउंटर फटाफट मोकळे होत होते आणि इकडं मागचा एक गृहस्थ मोठ्यानं उसासे टाकायला लागला होता. वहिनी टाचा उंचावून बघत होत्या. टोकनताईंनी पेशंटचं नाव टाइप केलं, कळ दाबली आणि बोटं तशीच कीबोर्डच्या वर हवेत थांबली. स्क्रीन ढिम्म. बोटं हवेतच. मग पान उघडलं, त्यांनी झरझर भरलं, पुन्हा कळ, पुन्हा बोटं हवेत.

दादांचा नंबर आला तेव्हा टोकनताईंनी नेहमीसारखं "डाव्या डोळ्याचे थेंब बदलले होते ना मागं, सोसतात का?" असं विचारलं, पण आवाजात दम नव्हता.

"बरं नाही का, ताई?" वहिनींनी विचारलं.

"बरी आहे. पुढच्या सोमवारपासून खाली जातेय, तळघरात. जुन्या फायली लावायच्या. चार वर्षं राहिलीत, तिथंच संपतील." त्यांनी टोकन फाडलं. "माझा वेग कमी आहे म्हणे. एका पेशंटला चार मिनिटं. बाकीच्यांना दीड."

"कोण म्हणतं?"

"कागद आहे ना. काकांनीच काढून दिलाय." आणि वहिनींचा चेहरा बघून त्या पटकन म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका हं. आकडे खरेच आहेत. मी रोज बघतेय."

त्या दिवशी दादांच्या डोळ्यांचा दाब जास्त निघाला. डॉक्टरांनी औषध बदललं आणि शनिवारी पुन्हा यायला सांगितलं. पण घरी येताना वहिनींच्या डोळ्यांपुढं ती हवेत थांबलेली बोटंच होती.

संध्याकाळी भाऊजी आले. वहिनींनी चहाचा कप समोर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"टोकनताईंच्या कागदाचं काय आहे?"

भाऊजींनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मॅनेजर मॅडमनी आकडे मागितले. मी दिले. खोटे कसे देणार?"

"खोटे द्या कोण म्हणतंय? तुम्हीच म्हणता ना, हळू आहे म्हणजे वाट बघतंय. मी आज बघितलं. त्यांचे हात हळू नाहीत. त्या वाट बघतात."

"माहीत आहे," भाऊजी हळूच म्हणाले. "पण सिद्ध होत नाही, वहिनी. दोन महिन्यांपूर्वी नोंदणीचा नवा प्रोग्रॅम आला. सगळ्यांना सवय झाली, त्यांचंच अडायला लागलं. म्हटलं मशीन खराब असेल, त्यांना दुसऱ्या काउंटरवर बसवलं. तिथंही तेच. त्यांच्या जागी मी बसलो, माझ्या नावानं आत शिरलो, पेशंट नोंदवले. माझं दीड मिनिटात होतंय. मॅडम मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, खुर्ची बदलली, मशीन बदललं, दोष बाईंबरोबरच जातोय. आता यावर मी काय बोलू?"

"मग तुमचे पहारेकरी बसवा."

"बसवतो. सोमवारच्या आत सापडलं तर."

बुधवार गेला, गुरुवार गेला. भाऊजींचं जेवण निम्म्यावर आलं. लिफ्टला किती वेळ लागला हे सांगायचंही बंद झालं, तेव्हा चिमणीसुद्धा घाबरली. दादा म्हणाले, "अरे धाकट्या, एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय आहे? तुझं काम तू केलंस." वहिनींना मात्र कळत होतं. उभ्या आयुष्यात या माणसानं काढलेल्या आकड्यांनी कोणाला तरी सोडवलं होतं. पहिल्यांदाच ते आकडे कोणाला तरी बांधून खाली नेत होते.

शुक्रवारी संध्याकाळी ते लवकर आले. हातात छापील कागदांची चळत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ती पसरली. वहिनी इस्त्रीला बसल्या होत्या, त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"काय लिहिलंय पहारेकऱ्यानं?"

"विचित्र लिहिलंय. टोकनताई कळ दाबतात. त्यांचा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे एक फाइल मागतो. फाइल तिथं तयार आहे. कुलूप नाही, गर्दी नाही, दुसरं कोणी ती वापरत नाही. तरी प्रोग्रॅम उभा. मग फाइल मिळते. पुढची मागतो, पुन्हा उभा. नव्या प्रोग्रॅमला एका पेशंटसाठी हजारो बारीक बारीक फायली लागतात, आणि प्रत्येक मागणीला तो असा क्षणभर उभा राहतो. एरवी वाट बघणारा कोणाची तरी वाट बघत असतो, त्याचं नाव मिळतं. इथं नावच नाही. मागणारा आहे, देणारा आहे, मधे कोणीच नाही."

वहिनींनी एक कागद जवळ ओढला. आकडे आणि आडव्या रेघा. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सवयीनं त्यांनी तो दोनदा वाचला.

"मधे कोणी नाही, की मधल्याचं नाव लिहिलेलं नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपला बाथरूमचा कागद आठवा. दार बंद होतं, आणि आत कोणीच नव्हतं."

भाऊजी हसायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. डोळे कागदावर, पण बघत नव्हते. मग ते उठले, मागच्या खोलीत गेले. दार लोटायचंही राहिलं. वहिनींनी एक सदरा इस्त्री करून घडी घातली, दुसरा घेतला. त्याची बाही होईपर्यंत भाऊजी दारात येऊन उभे होते.

"मीच आहे," ते म्हणाले.

"बसा आधी."

बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर एक ओळ असते. माझ्या नावानं जे काही चालू असेल ते सोडून बाकीच्यांची नोंद घे. ती ओळ नसेल तर पहारेकरी स्वतःच्याच नोंदी नोंदवत बसतो. वीस वर्षं ती ओळ ते न बघता लिहीत आले होते. आज पहिल्यांदा, घरच्या कॉम्प्युटरवरून हॉस्पिटलला जोडून, ती काढून पाहिलं; ताई अजून काउंटरवरच होत्या. आणि टोकनताईंच्या दारात, बरोबर मधोमध, त्यांच्याच नावाची एक जुनी स्क्रिप्ट उभी होती. प्रत्येक मागणी थांबवत, सुंदर अक्षरात लिहून घेत, मग सोडत.

"मागच्या हिवाळ्यात ताई म्हणाल्या होत्या, काका, माझं मशीन मधूनच अडतं. अडायचं कधी तेच कळेना. म्हणून मी त्या जुन्या पद्धतीचा पहारा लावला, आणि असा लावला की त्या कुठल्याही मशीनवरून आपल्या नावानं आत शिरल्या की तो आपोआप उभा राहील. दोन दिवसांत काढणार होतो. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरून पडलो."

"आणि महिनाभर माझ्या चहाची वेळ मोजलीत."

"परत गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, आता अडत नाही, वायर बदलली. मी म्हटलं छान. पहारा डोक्यातून गेला. जुना प्रोग्रॅम फारसं काही मागायचा नाही, म्हणून कोणाला जाणवलं नाही. नवा आला आणि..." त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले. "म्हणूनच मी त्यांच्या खुर्चीवर बसलो की फटाफट. माझ्या नावावर पहारा नव्हता. त्यांनी मदत मागितली, वहिनी. मदत मागितली म्हणून त्या तळघरात चालल्यात."

दादा दारापाशी येऊन सगळं ऐकत होते. ते व्यवहारी माणूस. "मग सापडलं ना? आत्ता काढून टाक. उद्यापासून बाईंचं काम वेगानं होईल, मॅडम बदली रद्द करतील. तुझं नाव यायचं कारणच नाही."

वहिनींनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"आणि मग सगळे म्हणतील," त्या म्हणाल्या, "तंबी दिली तेव्हा बाईंचे हात चालायला लागले."

भाऊजींनी मान वर केली. "हेच माझ्या मनात होतं. काढणं एका ओळीचं काम आहे. पण तो कागद मी काढलाय, तो मलाच परत घ्यायला हवा. सगळ्यांसमोर."

"नोकरीवर आलं तर?" दादांनी विचारलं.

"आलं तर आलं," भाऊजी म्हणाले. वहिनींनी उठून चहा टाकला. त्या संध्याकाळी त्यांनी बिस्किटं न मागता चार ठेवली.

शनिवारी सकाळी तिघं एकत्रच हॉस्पिटलात गेले. दादांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना हॉलमधल्या बाकावर बसवलं होतं. डोळे मिटून, वर काळा चष्मा. "मला काही दिसत नाही, काय चाललंय ते सांगत जा," ते वहिनींना कुजबुजले.

"तुमचा भाऊ मॅडमना घेऊन काउंटरपाशी आलाय. मॅडमचे ओठ मिटलेले."

मॅडम वाईट नव्हत्या, नुसत्या घाईत असायच्या. टोकनताई उठायला लागल्या, तर भाऊजी म्हणाले, "बसा, ताई. पुढच्या पेशंटची नोंद करा. नेहमी करता तशी."

टोकनताईंनी एका आजींचं नाव टाइप केलं, कळ दाबली. बोटं हवेत. भाऊजींच्या हातात घड्याळ होतं. सगळं संपायला तीन मिनिटं पन्नास सेकंद लागली.

मग भाऊजींनी शेजारचा कीबोर्ड ओढला, आपल्या नावानं आत शिरले, काहीतरी टाइप केलं. एकच ओळ. "आता ताई, तुम्ही बाहेर पडून पुन्हा आत या आणि पुढचा पेशंट घ्या."

पुढचा पेशंट एक तरुण बाई होत्या, कडेवर मूल. टोकनताईंनी नाव टाइप केलं, कळ दाबली आणि सवयीनं बोटं वर उचलली. ती खाली यायच्या आत पान उघडलेलं होतं. त्या जरा दचकल्याच. भरलं, कळ, पुढचं पान. टोकन हातात आलं तेव्हा भाऊजींनी घड्याळ मॅडमपुढं धरलं. "एक मिनिट दहा. बाकी दोघांपेक्षा कमी. वीस वर्षं याच हातांनी काम केलंय त्यांनी."

"काय केलंत तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"माझा पहारा काढला. मागच्या हिवाळ्यात मी लावला होता, त्यांच्याच तक्रारीसाठी, आणि काढायला विसरलो. त्यानंच त्यांचं प्रत्येक काम अडवून धरलं होतं. मी शोधलं तेव्हा सापडला नाही, कारण मी शोधताना स्वतःला वगळून शोधतो. तुम्हाला दिलेला कागद मी परत घेतोय. त्यातले आकडे त्यांचे नाहीत, माझे आहेत."

हॉलमध्ये लोक बोलत होते ते थांबले नाहीत. कुठंतरी मूल रडलं, फलकावर एक नंबर बदलला. "काय झालं?" दादांनी विचारलं. "गप्प बसा जरा," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे लेखी द्या. आजच. आणि यापुढं तुमची कुठलीही स्क्रिप्ट वहीत लिहिल्याशिवाय लागणार नाही. कधी लावली, कोणावर लावली, कधी काढणार. रोज संध्याकाळी वही माझ्याकडे." मग टोकनताईंकडं वळून जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारचं रद्द समजा. मी आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं." आणि त्या घाईघाईनं निघून गेल्या.

भाऊजी तिथंच उभे. बाथरूमच्या कागदापुढं झाले होते तसेच, कानापर्यंत लाल. "ताई, मला माफ..."

टोकनताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर भलतंच काही चाललं होतं.

"म्हणजे इतके महिने तुम्ही माझ्या दारात उभे होतात, काका?"

"हो."

"दिवसभर?"

"तुम्ही आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत."

"मग उभ्या उभ्या चार टोकनं तरी फाडून द्यायचीत. नुसतं लिहीत काय बसलात?"

रांगेतला पुढचा माणूस, ज्याला यातलं काही कळलं नव्हतं, तोही हसला. भाऊजी हसले, आणि हसता हसता त्यांना रुमाल काढावा लागला. टोकनताईंनी चष्मा नाकावर चढवला. "आता हटा बाजूला, माझी रांग खोळंबलीय. आणि हे बघा, पुन्हा कधी उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. मी नाही म्हणणार नाही. पण सांगून राहा."

तेवढ्यात आतून दादांचा नंबर पुकारला गेला. टोकनताईंनी काउंटरवरूनच आवाज दिला, "चष्मेवाले दादा, उजवीकडे दोन पायऱ्या हं," आणि मग स्वतःच उठून आल्या. एका बाजूनं वहिनी, दुसऱ्या बाजूनं त्या. पायऱ्या चढताना त्या वहिनींना हळूच म्हणाल्या, "तुमचे दीर घरीही असेच का हो?"

"घरी आम्ही दार वाजवतो," वहिनी म्हणाल्या.

दोन महिन्यांनी दादांच्या तपासणीला वहिनी पुन्हा गेल्या. रांग होती, पण चालत होती. टोकनताईंच्या स्क्रीनच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली, ओळखीच्या स्वच्छ अक्षरात. 'या दारात सध्या कोणी उभं नाही.' खाली सही आणि तारीख. तारीख त्याच सकाळची होती.

"रोज नवी लावतात," टोकनताई टोकन फाडता फाडता म्हणाल्या. "नऊला येतात, कालची काढतात, आजची लावतात. मी म्हटलं काका, एवढं रोज कशाला, विश्वास आहे. तर म्हणतात, तुमचा आहे हो, माझा नाही."